मारका बैल आणि नापास गाडी

शास्त्रपाठ : निर्गम २१:२८-३६, अनुवाद २२:८, प्रेषितांची कृत्ये २७:९-४४.
मननासाठी : याकोब ४:१७.
पाठाचा उद्देश : ज्या गाडीत दोष आहे असे तपासणीत आपणांस सांगण्यात आले, ती दुरुस्तीवाचून रस्त्यावर आणणे हा केवळ सरकारी नियमाचा भंग नव्हे, तर शेजाऱ्याच्या जिवाविषयीचा अपराध आहे, हे समजून घेणे.

प्रस्तावना

ह्या आठवड्याच्या पाठाचे नाव वाचून कित्येक बंधुभगिनी विचारतील की, मोटारगाडीचा आणि पवित्र शास्त्राचा काय संबंध? मोशेच्या काळी मोटार नव्हती हे खरे. परंतु बैल होता, विहीर होती, धाब्याचे घर होते. आणि ह्या तिन्ही वस्तूंपासून शेजाऱ्यास अपाय कसा होतो व त्याचा जाब कोणी द्यावयाचा, हे देवाने आपल्या लोकांस फार स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. आज आपल्या खेड्यांतून बैलाची जागा बऱ्याच अंशी जीप, पिकअप, टेम्पो व ट्रॅक्टर ह्यांनी घेतली आहे. वाहन बदलले, तरी शेजारी तोच आहे, आणि देवही तोच आहे.

हा पाठ आम्ही दुसऱ्या कोणावर बोट दाखविण्यासाठी लिहीत नाही. ह्यात आमचाही दोष आहे, आणि तो आधी सांगितल्याशिवाय पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी पेठ तालुक्याच्या बाजूच्या एका मंडळीतून संयुक्त उपासनेसाठी नाशिकास जावयाचे होते. मंडळीतील एका बांधवाची प्रवासी जीप होती व तिच्यावरच त्याचे घर चालत असे. दोनच दिवसांपूर्वी त्याने ती पासिंगसाठी नाशिकास नेली होती आणि ती नापास झाली होती. मागच्या दोन चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत, एक टायर गुळगुळीत झाला आहे व एका दिव्याचा झोत भलतीकडे जातो, अशी तीन कारणे त्यास लिहून मिळाली होती. ही गोष्ट त्याने लपविली नाही. सकाळी लोक गाडीत बसत असता त्याने ती आम्हांस सरळ सांगितली. आम्ही म्हणालो, “प्रभू सांभाळील,” आणि पुढच्या जागेवर जाऊन बसलो. गाडीत मुलांसकट चौदा जण होते.

सायंकाळी परतताना सावळघाट उतरावयाचा होता. पावसाची एक सर येऊन गेली होती. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, हे आम्हांस बसल्या जागी कळत होते. मागे बसलेली मंडळी गीते गात होती. त्यांस काहीच ठाऊक नव्हते. आम्हांस ठाऊक होते. आम्ही सुखरूप पोहोंचलो, उतरल्यावर देवाचे आभार मानले, आणि जे घडले ते त्याच्या संमतीनेच घडले अशी मनाची समजूत घातली.

पुढे काही आठवड्यांनी, तीच गाडी तशीच चालू आहे असे पाहून, आम्ही त्या बांधवास समजावयास गेलो. त्याने सर्व ऐकून घेतले व शांतपणे एवढेच म्हटले, “पाळकसाहेब, त्या दिवशी आपण पुढेच बसला होता.” ह्यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही निर्गमाचा एकविसावा अध्याय पुन्हा उघडला. त्यात जे सापडले तेच ह्या पाठात मांडले आहे.

१. बैलाविषयीचा नियम (निर्गम २१:२८-३२)

उपदेशक बंधूंनी हा भाग शिकविताना वर्गातील एखाद्या बैल बाळगणाऱ्या वृद्ध मनुष्यास विचारावे की, मारका बैल कसा ओळखतात व त्याचे काय करतात. तो जे सांगेल त्यावरून हा नियम लहान मुलासही समजेल.

मोशेच्या नियमात दोन बैल आहेत, आणि दोन्ही बैलांनी मनुष्यास हुंदडून ठार मारले आहे. बाहेरून पाहता घटना एकच. परंतु पहिल्या बैलाचा धनी निर्दोष ठरतो, तर दुसऱ्याचा धनी मरणदंडास पात्र होतो. हा एवढा भेद कशामुळे? पहिला बैल पूर्वी कधी कोणास मारीत नसे. त्याच्या धन्यास काही कळावयास मार्ग नव्हता. दुसरा बैल मारका होता, ती गोष्ट लोकांनी धन्याच्या कानावर घातली होती, आणि तरी त्याने त्यास बांधून ठेविले नाही.

येथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्या.

पहिली ही की, मारका बैल असणे हा अपराध नव्हे. जनावर बिघडते, तसे यंत्रही झिजते. गाडी नापास झाली ह्यात लाज वाटावयाचे कारण नाही. ज्याची गाडी चालते त्याची गाडी झिजणारच.

दुसरी ही की, नियमाचा सारा भर सांगण्यावर आहे. धन्यास सांगितले गेले तो दिवस त्याच्या आयुष्यात एक रेघ ओढतो. त्या रेघेच्या अलीकडे जे घडले ते दुर्दैव. पलीकडे जे घडते त्याचा जाब त्याच्याकडून मागितला जातो. तपासणीचा निकाल हातात पडणे म्हणजे तीच रेघ होय. याकोबाच्या पत्रातील मननाचे वचन हेच शिकविते की, चांगले काय ते कळूनही जो ते करीत नाही त्यास ते पाप लागते.

तिसरी ही की, देवाने बैल मारून टाक असे आधीच सांगितले नाही. बांधून ठेव असे सांगितले. शेतकऱ्याचा बैल म्हणजे त्याची भाकर, हे देवास ठाऊक होते. म्हणून माणूस मरण्यापूर्वी धन्यापासून एवढीच अपेक्षा होती की त्याने दावे बळकट करावे. नापास गाडीविषयीही हेच म्हणता येईल. ती मोडीत काढ असे कोणी म्हणत नाही. दुरुस्त होईपर्यंत ती दारात उभी कर, एवढेच मागणे आहे.

२. विहीर आणि कठडा (निर्गम २१:३३-३४, अनुवाद २२:८)

बैलाच्या पाठोपाठ उघड्या खड्ड्याचा नियम येतो. ज्याने खड्डा उघडा ठेविला त्याने, त्यात पडून मेलेल्या जनावराची भरपाई करावी. अनुवादात नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, ती अशासाठी की कोणी पडून मेल्यास घरावर रक्तपाताचा दोष येऊ नये. ह्या आज्ञांत एक गोष्ट सारखी आहे. खड्डा कोणास ढकलीत नाही व धाबे कोणास पाडीत नाही. तरीही, ज्याच्या हाती ते झाकणे किंवा त्यास कठडा बांधणे होते, त्याला देव विचारतो. वाईट हेतू नव्हता हे उत्तर तेथे पुरे पडत नाही.

आमच्या नाशिक जिल्ह्यातील वाचकांस २८ जानेवारी २०२० हा दिवस विसरणे कठीण आहे. त्या दिवशी देवळा तालुक्यातील मेशीजवळ, मालेगाव-देवळा रस्त्यावर, एस.टी. बस व प्रवासी रिक्षा ह्यांची टक्कर होऊन दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली व २६ जण मृत्युमुखी पडले. त्या अपघातात कोणाचा दोष किती, हे ठरविणे आमचे काम नव्हे, आणि तो नापास गाडीमुळे झाला असे आम्ही म्हणत नाही. आम्ही त्याचे स्मरण एवढ्याचसाठी देतो की, रस्त्यावर एक निमिष चुकले तर किती घरांचे दिवे जातात हे आपण दूरच्या देशात नव्हे, आपल्याच शिवारात पाहिले आहे. अशा रस्त्यावर आपण जाणूनबुजून आणखी एक धोका सोडावा काय?

३. तपासणीत काय पाहतात

नाशिकाचे प्रादेशिक परिवहन कार्यालय, ज्यास आपण आरटीओ म्हणतो, पंचवटीच्या बाजूस पेठ रस्त्यावर आहे. मालेगावास निराळे कार्यालय आहे. भाड्याने माणसे अगर माल वाहणाऱ्या प्रत्येक वाहनास योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन दोन वर्षांचे असते, व त्यानंतर दर वर्षी नवे करावे लागते. घरच्या वापराच्या मोटारीस व मोटारसायकलीस नोंदणीची पंधरा वर्षे पुरी झाल्यावर तपासणी असते. म्हणून तोपर्यंत त्यांचा तपासनीस स्वतः मालकच होय.

अलीकडे ही तपासणी यंत्रांच्या साह्याने होऊ लागली आहे व नाशिकासही तशी सोय झाली आहे. ब्रेक पाहण्यासाठी गाडीची चाके फिरत्या रुळांवर उभी करतात व ब्रेक दाबावयास सांगतात. प्रत्येक चाक किती जोराने धरले गेले हे यंत्र निरनिराळे मोजते. उजवे चाक कमी व डावे अधिक धरले, तर गाडी डावीकडे वळणार हे उघड आहे. गावातल्या सपाट रस्त्यावर, हळू चालताना, हा भेद चालकाच्या ध्यानातही येत नाही. परंतु ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबला की तोच भेद गाडीस फिरवून टाकतो.

घाटाची गोष्ट आणखी निराळी. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेविला तर आतील भाग तापतात व तापल्यावर त्यांची पकड कमी होते. जो ब्रेक गावात बरा वाटतो तोच घाटाच्या मध्यावर दगा देतो. म्हणून ज्या गिअरात घाट चढावा लागतो त्याच गिअरात तो उतरावा, असे जुने चालक सांगत आले आहेत. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे हातचे दावे सोडून देणे होय. इंजिन बंद झाले की पुष्कळ गाड्यांत ब्रेकास मिळणारी मदतही थोड्याच वेळात संपते.

टायराचेही असेच आहे. मोटारीच्या टायराच्या खाचांत तळाशी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीस आला, म्हणजे खाच सुमारे १.६ मिलीमीटर उरली, आणि तो बदलण्याची वेळ झाली असे समजावे. खाचा पावसाचे पाणी बाजूस सारतात. त्या नाहीशा झाल्या की चाक पाण्यावर तरंगते व सुकाणूचे ऐकत नाही. दिवे, हॉर्न, काच पुसणारे वायपर, मागील लाल परावर्तक, सुकाणूतील ढिलाई, धूर, ही सर्व तपासणीत पाहतात. ह्यांतील एकही गोष्ट शोभेची नाही. कांद्याची अगर उसाची ट्रॉली रात्री मागच्या दिव्यावाचून व परावर्तकावाचून रस्त्यात उभी असली, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास ती धडक बसेपर्यंत दिसत नाही.

४. देशाचा कायदा

आपल्या देशातील मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे योग्यता प्रमाणपत्र नसलेले भाडोत्री वाहन कायदेशीर रीतीने नोंदलेलेच मानले जात नाही. असे वाहन चालविल्यास १९२ व्या कलमाखाली पहिल्या वेळी दोन हजारांपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुढील वेळी दंड वाढतो व कैदही होऊ शकते.

परंतु आमच्या पाठाच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचे १९० वे कलम आहे. वाहनात धोक्याचा दोष आहे हे ज्यास ठाऊक आहे, किंवा साधारण काळजी घेतली असती तर जो त्यास कळला असता, अशा मनुष्याने ते वाहन रस्त्यावर चालविणे, चालवावयास लावणे किंवा चालवू देणे, हा अपराध आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर ह्यास दीड हजार रुपये दंड आहे. आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कोणास इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

वाचकहो, ह्या कलमात मोशेच्या नियमाचाच तोल दिसतो. तेथेही प्रश्न हाच की, मालकास ठाऊक होते काय? किंबहुना आजचा कायदा एक पाऊल पुढे जातो; काळजी घेतली असती तर कळले असते, एवढ्यावरही तो मनुष्यास धरतो. म्हणून डोळ्यांवर कातडे ओढून घेणारा सुटत नाही. आणि तीन क्रियापदे नीट पाहा : चालविणे, चालवावयास लावणे, चालवू देणे. ह्यात चालक आला, मालकही आला. आणि सहलीची गाडी ठरविणाऱ्या मंडळीच्या चिटणीसाने व पुढे बसणाऱ्या पाळकाने आपली जागा ह्यात कोठे आहे, हे आपल्या विवेकास विचारावे.

विम्याविषयीही एक शब्द. प्रमाणपत्र नसताना अपघात झाल्यास विमा कंपन्या वाद घालतात. २०१८ साली केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने असे धरिले की, योग्यता प्रमाणपत्र नसणे हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे. अपघातग्रस्तास दिलेली रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. जो गरीब मनुष्य चार हजारांची दुरुस्ती टाळतो, त्याच्या शेतावर व घरावर लाखांचा बोजा बसू शकतो.

५. पौलाचे तारू (प्रेषितांची कृत्ये २७)

कोणी म्हणेल, “आम्ही तशीच गाडी चालवीत आलो, काहीच झाले नाही.” ह्याचे उत्तर पौलाच्या समुद्रप्रवासात आहे.

तारू सुंदर बंदरे म्हटलेल्या ठिकाणी होते. हिवाळा जवळ आला होता व समुद्र धोक्याचा झाला होता. पौलाने त्यांस आधीच सांगितले की, ह्या प्रवासात मालाची, तारवाची व जिवांचीही हानी होईल. परंतु शताधिपतीने पौलापेक्षा तांडेलाचे व तारवाच्या मालकाचे अधिक ऐकले. मालकास गहू पोहोंचवावयाचा होता, बंदर हिवाळा काढावयास सोयीचे नव्हते, आणि बहुमतही निघण्याकडेच होते. येथे तारू मोडके होते असे शास्त्र सांगत नाही; दोष काळवेळेचा होता. पण सावधान करूनही निघणे हा प्रकार तोच.

मग काय झाले? वादळ लगेच आले नाही. आधी दक्षिणेचा मंद वारा सुटला, आणि आपला हेतू साधलाच असे त्यांस वाटले. बंधुजनहो, ह्या मंद वाऱ्याविषयी फार विचार करा. आमचा सावळघाटाचा प्रवास हाच तो मंद वारा होता. चुकीच्या प्रवासाचा आरंभ बहुतकरून सुखाचाच असतो. उपदेशकाच्या पुस्तकात (८:११) म्हटले आहे त्याचा आशय असा की, दुष्कृत्याचे फळ तत्काळ मिळत नाही म्हणून मनुष्याचे मन त्याविषयी निर्ढावते. सुखरूप पोहोंचणे ही देवाची दया होती. ती त्याची संमती होती असे आम्ही समजलो, येथेच आमची चूक झाली.

“प्रभू सांभाळील” हे शब्द खरे आहेत, परंतु ते कोण कोठे उभा राहून म्हणतो हे पाहिले पाहिजे. मंदिराच्या शिरोभागी सैतानाने आपल्या प्रभूस जवळजवळ हेच सांगितले होते की, उडी टाक, दूत तुला झेलतील. प्रभूने ते नाकारिले; कारण जाणूनबुजून संकटात उडी घेऊन देवाने झेलावे म्हणणे हा विश्वास नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणे होय (मत्तय ४:५-७). शिवाय त्या दिवशी उडी आमची एकट्याची नव्हती. मागच्या बाकांवरील मुलांस आम्ही विचारले नव्हते.

त्या तारवात २७६ जण होते. तारू फुटले, तरी जीव एकाचाही गेला नाही. हे अभिवचन देवाने पौलास दिले होते. तरी वादळाच्या मध्यावर पौल त्यांस म्हणालाच की, माझे ऐकले असते तर हे झाले नसते. देवाची कृपा आली म्हणून चूक ती चूकच राहिली.

६. काही हरकती व त्यांची उत्तरे

*हप्ता थकला आहे. गाडी उभी केली तर खावे काय?* ही हरकत लहान नाही, आणि जो पाळक तिला तोंडाच्या उपदेशाने उडवून लावतो त्याने आधी त्या घरची चूल पाहावी. परंतु गाडीत बसणारी मजूर बाईही कोणाच्या तरी घरची भाकर आहे. एकाची भाकर दुसऱ्याच्या जिवावर भाजता येत नाही. ह्यावर उपाय पुढे सांगितला आहे.

*दलालास पैसे दिले की कागद मिळतो.* कागद मिळेल, पण त्याने ब्रेक सारखे होत नाहीत. खोटा ताजवा परमेश्वरास किळसवाणा आहे असे नीतिसूत्रे शिकविते (११:१). विकत घेतलेले पासिंग हा खोटा ताजवाच, आणि त्यात माप माणसांच्या जिवांचे आहे. उतारूस ब्रेक पाहता येत नाही. तो कागदावर विसंबतो. मागे इंग्लंडात मालक मोडकी व अति भरलेली जहाजे समुद्रात लोटीत, आणि अशा जहाजावर जावयास नकार देणाऱ्या खलाशांस तुरुंगात टाकीत. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने ह्याविरुद्ध झगडून १८७६ साली कायदा करविला, व किती भार चालेल ह्याची खूण जहाजाच्या बाजूवर रंगविण्यात येऊ लागली. ती खूण म्हणजे दुर्बळास दिलेली साक्ष होती. आपले योग्यता प्रमाणपत्र तशीच साक्ष आहे. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा येथेही लागू आहे.

*तपासणीत आमच्यावर अन्याय झाला.* असे होऊ शकते. त्यास दाद मागण्याचा व पुन्हा तपासणी करून घेण्याचा मार्ग आहे, त्याने जावे. निकाल फिरेपर्यंत गाडी उभी ठेवावी.

७. मंडळीने काय करावे

(१) गाडी नापास झाली तर मालकाने ती गोष्ट लपवू नये, व मंडळीने त्यास नावे ठेवू नयेत. ज्या दिवशी सांगणाऱ्याची थट्टा होते त्या दिवसापासून लोक सांगावयाचे बंद करतात.

(२) नापास गाडी दुरुस्तीस न्यावयाची तर मेस्त्रीस गाडीपाशी आणावे, किंवा ती दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी. मधल्या काळात “फक्त बाजारापुरती” असे म्हणून ती काढू नये.

(३) नाताळ, पुनरुत्थानाचा दिवस, लग्न किंवा संयुक्त उपासना ह्यांसाठी गाडी ठरविताना चिटणीसाने भाड्याच्या आधी प्रमाणपत्राची मुदत विचारावी, आणि जितक्या जागा तितकीच माणसे बसवावी. मालाच्या पिकअपमध्ये अगर ट्रॉलीत माणसे नेऊ नयेत. गाडी न मिळाल्यास एस.टी.ने जावे, तेही न जमल्यास गावीच उपासना करावी. प्रभू दोघांतिघांतही उपस्थित असतो.

(४) ज्याची गाडी उभी राहिली त्याच्या घरचा भार मंडळीने वाहावा. आम्ही त्या बांधवाकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा उपदेश करावयास नव्हे, क्षमा मागावयास गेलो. आणि पुढील रविवारी मंडळीपुढे आपला दोष पदरी घेतला. वडील मंडळींनी त्यास बिनव्याजी रक्कम उसनी दिली. ब्रेक व टायर झाले, तरी दुसऱ्या तपासणीतही दिव्यासाठी गाडी परत पाठविली गेली. तिसऱ्या खेपेस ती पास झाली. तीन आठवडे ती दारात उभी होती, आणि त्या तीन आठवड्यांत त्याच्या घरी कोणाकडून तांदूळ, कोणाकडून नागली गेली. उसनी रक्कम त्याने वर्षभरात थोडी थोडी फेडली. ह्यात मोठेपणा काही नाही. जे पहिल्याच दिवशी करावयाचे ते आम्ही उशिरा केले, इतकेच.

(५) प्रत्येक चालकाने सकाळी गाडी काढण्यापूर्वी ब्रेक, टायर, दिवे व सुकाणू पाहावे. बैल जुंपण्यापूर्वी त्याचा खूर व खांदा पाहणाऱ्या आपल्या वाडवडिलांस हे कोणी शिकवावे लागत नसे.

विचारावयाचे प्रश्न

१. दोन बैलांनी सारखाच अपाय केला असता दोन धन्यांचा न्याय निराळा का झाला?
२. मारक्या बैलाच्या धन्याकडून देवाची अपेक्षा काय होती? नापास गाडीच्या मालकाकडून काय आहे?
३. शताधिपतीने पौलाचे का ऐकले नाही? त्यांतील कोणती कारणे आज आपण देतो?
४. दक्षिणेच्या मंद वाऱ्याने लोकांची कशी फसगत झाली? आपल्या आयुष्यातील असा एखादा प्रसंग सांगा.
५. देवावर विश्वास ठेवणे आणि देवाची परीक्षा पाहणे ह्यांत भेद कोणता?
६. आपल्या मंडळीत कोणाची गाडी, विहीर अगर घराचा धाबा अशा स्थितीत आहे काय? त्यास मदत करण्यासाठी ह्या आठवड्यात आपण काय करू?

प्रार्थना

हे प्रभू, आमच्या शेजाऱ्याचा जीव तुझ्या दृष्टीने मोलवान आहे. जे आम्हांस सांगण्यात आले ते न ऐकल्यासारखे करून आम्ही पुष्कळदा चाललो, आणि तुझ्या दयेस तुझी संमती समजलो. ह्याची क्षमा कर. ज्यांची भाकर चाकांवर आहे त्यांस प्रामाणिक धैर्य दे, आणि त्यांचे चाक थांबले असता त्यांच्या दारी जाण्याची बुद्धी आम्हांस दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.